तुका म्हणे ते डीजे म्हणे

गणपतीत संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये आरती चालू असते, तेव्हा एक गंमत घडत असते आणि टाळांच्या गदारोळात तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. जमलेली चाळीसेक माणसं पाच आरत्यांत चार नावं धारण करतात. गणपतीच्या आरतीच्या शेवटी सगळे रामदास. शंकराच्या आरतीला पुन्हा रामदास. देवीच्या आरतीत नरहरी, विठ्ठलाच्या आरतीत नामा आणि दत्तापर्यंत पोचता पोचता एका जनार्दनी. मेंटेनन्सच्या पावतीवर आपलं आडनाव चुकलं म्हणून सेक्रेटरीला फैलावर घेणारे दुसऱ्या मजल्यावरचे काकाही इथे बिनतक्रार, डोळे मिटून नामा होतात. पावती बदलून मागत नाहीत.

गाण्याने स्वतःबद्दल बोलावं, मी अमक्याचं आहे, मी इतक्या ओळींचं आहे, मला नीट ऐक, असं म्हणावं, हा प्रकार अलीकडच्या चतुर लोकांनी शोधून काढला असा एक समज आहे. इंग्रजी गाणी ऐकणारी आमची भाचेमंडळी तसं एखादं गाणं सापडलं की ‘किती मेटा आहे ना!’ म्हणतात. त्यांची पणजी रोज पहाटे जात्यावर मेटा होती, हे त्यांना कोण सांगणार? फरक एवढाच की आपल्याकडे गाणं हुशारी दाखवायला स्वतःबद्दल बोलत नाही. त्याचं काहीतरी काम अडलेलं असतं.

पहिलं काम म्हणजे सही. छापखाना नाही, कॉपीराइट नाही, अभंग एका गावातून दुसऱ्या गावात तोंडातोंडी जाणार. मग नाव ठेवायचं कुठे? अभंगाच्या पोटातच. तेही अशा जागी, की काढलं तर अख्खं कडवं लंगडावं. ‘तुका म्हणे’, ‘चोखा म्हणे’, ‘जनी म्हणे’ या सह्या अशा आत शिवलेल्या आहेत. एकनाथांनी सहीत गुरूलाही घेतलं, म्हणून ‘एका जनार्दनी’. होनाजी बाळा हा एकच माणूस असं समजून आपण मोकळे होतो, पण ते दोघं होते. होनाजी शिलारखाने लावण्या रचायचा आणि बाळा करंजकर गायचा. गीतकाराने गायकाचं नाव गाण्यातच कायमचं घालून ठेवल्याचं असं उदाहरण आजच्या मानधनाच्या वाटाघाटी बघता दंतकथाच वाटावी.

पण सहीला खोटी सही आलीच. देहूत तुकोबांच्या वाट्याला सालोमालो आला. तुकोबांचे अभंग घ्यायचे आणि त्यावर आपलं नाव घालायचं, असा त्याचा उद्योग सांगतात. तुकोबांनी आपल्या अभंगांतच त्याची हजेरी घेतली आहे. मला यात एक तांत्रिक मुद्दा दिसतो, त्याकडे अभ्यासकांनी लक्ष द्यायला हरकत नाही. अभंगात अक्षरं मोजलेली असतात. ‘तुका’ ही दोन अक्षरं, ‘सालो’ हीसुद्धा दोनच. एक काढा, दुसरं बसवा, मापात तंतोतंत. उलट ज्ञानेश्वरांच्या अभंगांतली सही बघा: ‘बापरखुमादेवीवरु’. मोजून नऊ अक्षरं. ती चोरायची तर आधी नऊ अक्षरांचं नाव असलेला चोर शोधायला हवा. दोन अक्षरी पासवर्ड ठेवू नये, हे बँका आज सांगतात. आळंदीला ते आधीच कळलं होतं.

पुढे 1936 साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला आणि सालोमालो पडद्यावर खलनायक म्हणून अजरामर झाला. त्याच चित्रपटात हिशेब उलटा फिरला, ही खरी मौज. शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी एक रचना लिहिली, आणि ती तुकारामांचीच असं लोक बिनदिक्कत धरून चालले. सालोमालोला आयुष्यभर धडपडून जे जमलं नाही, ते आठवल्यांनी नेमकं उलट्या दिशेने, आणि कुणाचं काही न घेता, करून दाखवलं. आपलं लिहिलं आणि ते तुकोबांच्या खाती जमा झालं. असा तोटा कुठल्याही कवीने आनंदाने सोसावा.

चोरीचा आळ आला की गाण्याने स्वतःचं वकीलपत्र घ्यावं, हे मात्र साहेबाच्या देशात घडलं. जॉर्ज हॅरिसनचं 1970 सालचं एक भक्तिगीत जगभर गाजलं, त्यात आपला हरे कृष्णही आहे. त्याची चाल 1963 सालच्या ‘शिफॉन्स’ या मुलींच्या गटाच्या गाण्यावरून उचलली, असा खटला झाला. 1976 मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीशांनी निकाल दिला की हॅरिसनने नक्कल केली आहे, पण नकळत. हॅरिसनने त्याच वर्षी नवं गाणं काढलं. त्याचा विषय ते गाणंच, आणि आशय असा की या गाण्यात कुणाचंही काही उचललेलं नाही, याची संबंधितांनी नोंद घ्यावी. आपल्याकडे अभंगाला एवढी वकिली करावी लागली नाही. तो इंद्रायणीतून कोरडा वर आला म्हणतात, आणि प्रकरण तिथेच मिटलं.

शास्त्रीय संगीतात सह्या भरपूर आहेत, पण त्या ऐकू येतील तर शपथ. दिल्लीच्या मोहम्मदशहाच्या दरबारातला न्यामतखाँ म्हणजे सदारंग. फैय्याजखाँ म्हणजे प्रेमपिया, बडे गुलाम अलीखाँ म्हणजे सबरंग, आपले जगन्नाथबुवा पुरोहित म्हणजे गुणीदास. या मंडळींनी बंदिशीच्या अंतऱ्यात मोठ्या हौसेने नाव घातलं आणि गवयांनी नेमकी त्याच जागेवरून तान घ्यायची प्रथा पाडली. ‘सदारंग’ मधला ‘स’ बसल्याजागी उच्चारला जातो, ‘दा’ तारसप्तकात जातो आणि ‘रंग’ समेवर येतो न येतो तोच तबलजी हसून मान हलवतो. मध्ये चहा येऊन जातो. समोर बसलेल्या दर्दी श्रोत्याला वर्षानुवर्षं वाटत असतं की सदारंग हे कृष्णाचंच एखादं नाव असावं. ज्याने नाव राहावं म्हणून एवढा खटाटोप केला, त्याचं नाव राहिलं खरं, पण देवाच्या खात्यात.

या सगळ्यांवर कडी म्हणजे लक्षणगीत. ज्यांच्या घरात कुणी गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसलेलं आहे, त्यांना हा प्रकार ठाऊक असेल, निदान भिंतीपलीकडून. ज्या रागात गायचं, त्याच रागाची माहिती शब्दांत. थाट कुठला, वादी कोण, संवादी कोण, आरोहात काय सोडायचं, कुठल्या प्रहरी गायचं. सूर ते करत असतात आणि शब्द ते सांगत असतात. पं. विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी अशी लक्षणगीतं कितीतरी रचली. भातखंडे पेशाने वकील, 1887 साली एलएलबी झालेले, मुंबईत आणि कराचीत काळा डगला घालून उभे राहिलेले. हे कळलं की लक्षणगीताचा सगळा उलगडा होतो. ते प्रतिज्ञापत्र आहे. मी, राग यमन, थाट कल्याण, वादी गंधार, संवादी निषाद, मध्यम तीव्र, वेळ रात्रीचा पहिला प्रहर, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. खाली नोटरीच्या शिक्क्याऐवजी सम.

आता हे प्रतिज्ञापत्र प्रत्यक्षात कसं दाखल होतं ते बघा. रविवारी सकाळी साडेनऊला क्लास. समोर नऊ-दहा वर्षांची मुलगी, शेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुरा, आतून कांदेपोह्यांचा वास. मुलगी खणखणीत आवाजात सांगते आहे की मला रात्रीच्या पहिल्या प्रहरी गा.

‘बाई, पण आत्ता तर सकाळ आहे.’

‘परीक्षा दुपारी बाराला आहे. गा तू.’

भूप तर त्याहून अवघड. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य, आणि लक्षणगीताला ते सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणजे ‘म’ आणि ‘नी’ ही अक्षरं तोंडाने म्हणायची, पण त्या सुरांवर म्हणायची नाहीत. ‘म’ म्हणताना सूर गंधाराचा, ‘नी’ म्हणताना धैवताचा. ज्याचं नाव घ्यायचं त्याला दारातसुद्धा उभं करायचं नाही, ही कसरत त्या पोरीला जमते. आपल्याला लग्नाच्या आमंत्रणाच्या यादीतसुद्धा जमत नाही.

भातखंड्यांनी आपल्या रचनांत ‘चतुर’ असं नाव घातलं. ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा संस्कृत ग्रंथ त्यांनी चतुर पंडित या नावाने लिहिला आणि मराठीत ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ लिहिताना त्याच ग्रंथाचे दाखले दिले. स्वतःलाच प्रमाण मानून उद्धृत करायचं, तेही दुसऱ्या नावाने! हल्लीचे प्राध्यापक हे स्वतःच्याच नावाने करतात. तेवढी घसरण झालीच आहे.

गाण्याचं दुसरं अडलेलं काम म्हणजे हमी. ऐकणाऱ्याला काय मिळणार? यासाठी फलश्रुती. रामरक्षा आपली जन्मकथाही सांगून टाकते: शंकराने स्वप्नात सांगितलं आणि बुधकौशिक ऋषींनी सकाळी उठल्यावर लिहून काढलं. स्वप्नातलं सकाळपर्यंत लक्षात राहिलं, यातच त्यांचं ऋषित्व आलं. समर्थांचं मारुतिस्तोत्र धन, धान्य, पशुवृद्धीचा भरवसा देतंच, वर आपण पंधरा श्लोकांचे आहोत हेही नोंदवून ठेवतं, म्हणजे मध्ये कुणी भर घातली तर मोजून पकडता येईल. नारदांनी सांगितलेलं गणपतिस्तोत्र तर मुदतही देतं. सहा महिन्यांत फळ, वर्षभरात सिद्धी. आणि शेवटी म्हणतं, हे लिहून आठ ब्राह्मणांना द्या. व्हॉट्सअॅपवर ‘अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी येईल’ असा निरोप आला की आम्ही नाक मुरडतो. पण स्तोत्र लिहून वाटणाऱ्या आजोबांनी निदान आठ प्रती हाताने काढलेल्या असायच्या. फॉरवर्ड करताना बोटं दुखली तर निरोप निम्म्याने कमी होतील!

अथर्वशीर्षाची फलश्रुती आणखी सावध आहे. तिथे फळाबरोबर अटीही आहेत. अशिष्याला हे देऊ नये, मोहाने दिलं तर देणारा पापी. एकीकडे ही अट आणि दुसरीकडे ऋषिपंचमीच्या पहाटे पुण्यात दगडूशेठ गणपतीसमोर हजारो बायका एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात, ते लाउडस्पीकरवरून शिष्य-अशिष्य, रिक्षावाले, कुत्र्याला फिरवायला निघालेले सगळेच ऐकतात. शिवाय सहस्रावर्तनाचं फळ सांगितलेलं, म्हणजे हजार वेळा म्हणायचं. आम्ही त्यावर भागाकार शोधला. पन्नास जण, प्रत्येकी वीस. हे फळ नंतर वाटून घ्यायचं की प्रत्येकाला पूर्ण, याबद्दल मूळ मजकूर मूग गिळून आहे. आणि फलश्रुती दर वेळी म्हणायची नाही, शेवटच्या आवर्तनाला एकदाच, हाही संकेत. जाहिरात किती वेळा लावावी याचं एवढं तारतम्य टीव्हीवाल्यांना आलं तर मालिका वीस मिनिटांत संपतील.

तिसरं काम, ऐकणाऱ्याला जागं ठेवणं. दासबोधाची सुरुवातच श्रोत्यांच्या प्रश्नाने होते: हा ग्रंथ कुठला, यात काय सांगितलंय, ऐकल्याने काय मिळेल? पुस्तक विकत घेण्याआधी मागचं पान वाचणारा मराठी वाचक समर्थांनी तेव्हाच ओळखला होता. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली आधी अवधान मागतात. मागतात तेही इतक्या लाघवीपणाने, की नाही म्हणायची सोय राहत नाही. कालिदासाने मात्र उलट धोका दाखवून ठेवला. ‘शाकुंतला’च्या सुरुवातीला नटी उन्हाळ्यावर गाणं म्हणते आणि सूत्रधार त्यात इतका रंगतो की आज कुठलं नाटक करायचं हेच विसरतो. शेवटी नटीलाच आठवण करून द्यावी लागते. गाणं फार चांगलं झालं तर नाटक बुडतं, ही सूचना कालिदासाने पहिल्याच पानावर दिली होती. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी तेच ‘शाकुंतल’ मराठीत आणलं आणि मराठी रंगभूमीने पुढची पन्नास वर्षं ती सूचना साफ धाब्यावर बसवून वन्समोअर घेतले.

कार्ली सायमन नावाच्या अमेरिकन गायिकेचं 1972 सालचं एक गाणं आहे. त्यात ती एका गर्विष्ठ माणसाला सुनावते की तुला वाटेल हे गाणं तुझ्याबद्दलच आहे. आता गाणं त्याच्याबद्दलच असेल तर त्याला तसं वाटलं यात त्याचं काय चुकलं? नसेल, तर मग एवढा वेळ ती कुणाशी बोलत होती? या कोड्यावर तिकडच्या लोकांनी पन्नास वर्षं घालवली. तमाशाच्या फडात असा घोळ होत नाही. लावणीवाली ‘राया’ म्हणते आणि समोरच्या चारशे जणांपैकी चारशे जणांना खात्री असते की हे आपल्यालाच उद्देशून आहे. पुढच्या रांगेतले तर पागोटं सारखं करतात.

श्रोत्याला थेट उद्देशून म्हटलेल्या गाण्यांत अंगाईची मात्र पंचाईत आहे. तिचं यश यातच की श्रोत्याने ती शेवटपर्यंत ऐकू नये. दुसऱ्या कडव्याला श्रोता घोरला तर गायिका जिंकली. आणि बाळ टक्क डोळ्यांनी चौथं कडवंही ऐकत असेल तर तेवढा रसिक श्रोता घरात कुणालाच नको असतो.

जात्यावरची ओवी या सगळ्यांत वेगळी. ती आपला नंबर सांगते. पहिली ओवी अमक्या देवाला, दुसरी तमक्याला, तिसरी आईबापाला, चौथी भावाला, अशी मोजत मोजत पुढे जाते. गाणारी एकीकडे पीठ मोजत असते, एकीकडे नाती. गी पॉइतवँ, हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात विठ्ठल आहे, भाऊ आहे, लेक आहे, सासर आहे, बाबासाहेब आहेत. बहुतेक ओव्यांत नसते ती गाणारीची सही. बंदिशवाल्याने तानेत का होईना नाव घातलं. हिने भावाचं नाव घातलं, लेकाचं घातलं, ओवीला क्रमांकसुद्धा दिला आणि स्वतःचं नाव तेवढं दळणात पडू दिलं. त्यावर विनोद करण्यासारखं काही नाही, म्हणून पुढे जातो.

गीतरामायणाबद्दल एक गोष्ट इतक्या वर्षांत कुणी मोठ्याने बोललेलं मी ऐकलं नाही. 1 एप्रिल 1955, रामनवमी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पहिलं गीत. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल आणि गळा. त्या पहिल्या गीतात काय आहे? कुश आणि लव रामायण गाताहेत आणि खुद्द राम ऐकतो आहे. मग दर आठवड्याला एक गीत. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून बावन्नाची छप्पन्न झाली. पंचांगाने मराठी साहित्यावर केलेला हा बहुधा सर्वात मोठा उपकार. आणि 19 एप्रिल 1956 च्या छप्पन्नाव्या गीतात? वाल्मीकी कुश-लवांना सांगतात की आता जा आणि रामायण गा. मुलं जातात आणि गायला लागतात. कुठलं? पहिलं! राम ऐकायला बसतो, छप्पन्न गीतं होतात, वाल्मीकी पुन्हा म्हणतात, जा. या चक्रातून सुटायला वाटच नाही. बाबूजींनी नंतर गीतरामायणाचे कार्यक्रम गावोगाव आयुष्यभर का केले, याचं कारण लोकाग्रह असं सांगतात. मला वाटतं गदिमांनी त्यांना रीतसर अडकवलं होतं.

आणि आता डीजे. वरातीत ट्रकभर स्पीकर चालत येतात, तुमच्या कपाटातली स्टीलची भांडी आपापसात बोलायला लागतात, आणि गाणं सुरू व्हायच्या आत एक घोगरा आवाज घोषणा करतो: डीजे अमुक, इन द मिक्स! मग कोळीगीत सुरू होतं. दोन ओळी होतात न होतात तोच पुन्हा: डीजे अमुक! तिसऱ्या ओळीत नाखवा होडी हाकारणार, तेवढ्यात होडीत डीजे चढतो. ही सहीच आहे, त्याबद्दल वाद नाही, आणि काम तेच, सालोमालोपासून बचाव. रात्रभर खपून त्याने ढोलकीखाली तो धडधडाट जोडलेला असतो आणि पलीकडच्या गल्लीतला डीजे तो पेनड्राइव्हवर उतरवून घेईल अशी त्याला रास्त भीती असते. फक्त संत शेवटच्या कडव्यापर्यंत थांबायचे. आधी सांगायचं ते सांगून घ्यायचे, मग ‘तुका म्हणे’. याच्याकडे सांगायचं तेवढंच असल्यामुळे तो सुरुवातीपासूनच सांगतो. गाण्याची मूळ कवयित्री, चाल देणारा, गाणारे कोळी यांच्यापैकी कुणाचंही नाव त्या तीन तासांत येत नाही.

परवा आमच्या चौकातून अशीच एक वरात पाऊण तास सरकत गेली. समोरच्या काकू गॅलरीत कानात बोटं घालून उभ्या होत्या. वरात वळल्यावर त्यांनी बोटं काढली आणि मला विचारलं, ‘कोणाचं हो लग्न?’ मला माहीत नव्हतं. खाली इस्त्रीवाल्याला विचारलं, त्यालाही नाही. पानवाल्याने तर वरातीमागे थोडं चालून येऊनही हात हलवले. नवरदेव कोण, नवरी कुठली, कुणालाच पत्ता नाही. तेवढ्यात काकूंचा तीन वर्षांचा नातू आतून धावत आला आणि कठडा धरून गंभीरपणे म्हणाला, ‘डीजे बंट्याचं.’

काकूंनी आहेराचं पाकीट कुठे पाठवायचं ते मला विचारलं नाही एवढंच.